काचेआडचा रिले गप्प आहे, एवढ्यावर विसंबू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कारखाने, रुग्णालये, लहान जलविद्युत केंद्रे, जुनी औष्णिक केंद्रे अशा कितीतरी ठिकाणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे जनरेटर अजून रोज चालतात. त्यांच्या पॅनेलवर काचेच्या झाकणाआड तबकडीचे रिले बसलेले असतात: दोष आला की आतली तबकडी फिरून कॉन्टॅक्ट मिटवणारी आणि त्यातून जनरेटर तोडणारी संरक्षक उपकरणे. त्यांच्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. इतकी वर्षे बिनतक्रार चालले, आता कशाला हात लावायचा, हे एक. सगळे काढा आणि डिजिटल बसवा, हे दुसरे. रिले तपासण्याचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना पहिल्या मताची जास्त काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर पत्र.

पंप बिघडला की पाणी थांबते, दिवा गेला की अंधार होतो. तबकडीचा रिले बिघडला तर काहीच होत नाही, कारण चांगला असतानाही तो काही करताना दिसत नाही. जनरेटरच्या सगळ्या आयुष्यात त्याला खरे काम दोन-चार वेळा पडते आणि आतला दोष त्या क्षणापर्यंत लपून राहतो. डिजिटल रिले स्वतःला तपासत राहतो, बिघडला तर अलार्म देतो. जुन्याला ही सोय नाही. त्याची प्रकृती कळते ती फक्त माणसाने चाचणी घेतली तरच. उत्तर अमेरिकेतल्या वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेचे नियम करणाऱ्या एनईआरसी या संस्थेच्या नियमांत अशा स्वयंनिरीक्षण नसलेल्या रिलेला दोन चाचण्यांमध्ये जास्तीत जास्त सहा वर्षे दिली आहेत. ती कमाल मर्यादा झाली. धूळ, उष्णता आणि कंपने असतील तिथे दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नये, असे आमचे मत आहे.

चाचणीतली सर्वांत मोठी चूक पहिल्या पाच मिनिटांत होते. झाकण उघडले, धूळ दिसली, लगेच ब्रश फिरवला, कॉन्टॅक्ट घासले आणि मग मोजमाप घेतले. सगळे आकडे उत्तम आले, अहवालावर सही झाली. पण काल रात्री दोष आला असता तर हा रिले चालला असता का, या प्रश्नाचे उत्तर त्या ब्रशबरोबर पुसले गेले. म्हणून हात लावण्याआधी, आहे त्या स्थितीत एक मोजमाप घ्यावे, दुरुस्तीनंतर दुसरे घ्यावे, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. पहिल्या रकान्यातले आकडे वर्षानुवर्षे एकाच दिशेने सरकत असतील, तर पुढची चाचणी केव्हा घ्यायची ते त्यातूनच ठरते.

रिले चालू पॅनेलवरून काढताना क्रम चुकला तर जीव जाऊ शकतो. आधी ट्रिप सर्किटची (ब्रेकरला तोडण्याचा आदेश नेणाऱ्या सर्किटची) लिंक उघडायची, म्हणजे चाचणीत कॉन्टॅक्ट मिटला तरी ब्रेकर, म्हणजे जनरेटर तोडणारा मोठा स्विच, पडणार नाही. मग सीटीच्या (मोठा करंट लहान करून रिलेला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) दुय्यम बाजूची टोके शॉर्ट करायची, आणि शॉर्ट खरोखर बसला आहे हे क्लॅम्प मीटरने पाहायचे. त्यानंतरच रिलेकडची बाजू सोडायची. चालू लोडवर सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली तर तिच्या टोकांवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. ठिणगी, जळलेले टर्मिनल, आणि समोर उभ्या माणसाला धक्का. ड्रॉ-आउट केसमध्ये, म्हणजे ज्यातून रिले बाहेर ओढता येतो तिच्यात, रिले ओढताच शॉर्ट होणारी पाती असतात, पण जुन्या केसमधली ही पाती गंजलेली किंवा वाकलेली असू शकतात, त्यामुळे त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. टेस्ट प्लग (चाचणीचा संच जोडण्यासाठी केसमध्ये खोचायचा प्लग) वापरत असाल तर सीटीच्या बाजूचे जंपर, म्हणजे शॉर्ट करणाऱ्या तारा, प्लग खोचण्याआधी लावलेले हवेत. परत जोडताना क्रम उलटा: आधी करंट, मग रिलेचे कॉन्टॅक्ट उघडे आहेत आणि फ्लॅग (रिले चालल्याची खूण) वर गेला आहे हे पाहणे, मग ट्रिप लिंकच्या दोन टोकांमध्ये व्होल्टमीटर लावणे. तिथे पूर्ण डीसी व्होल्टेज दिसले तर कुठला तरी कॉन्टॅक्ट मिटलेला आहे आणि लिंक लावताच जनरेटर सुटणार, म्हणजे ब्रेकर पडून तो तुटणार. ही शेवटची पायरी घाईत वगळली जाते, आणि चाचणीच्या दिवशी होणाऱ्या नको त्या ट्रिपिंगचे एक मोठे कारण तेच असते.

टॅप (रिले किती करंटला मिटेल हे ठरवणारी जोडणी) बदलण्याबाबतही एक इशारा. काही बनावटींत प्लग काढला की रिले आपोआप सर्वांत वरच्या टॅपवर जातो. स्क्रू टॅपच्या बनावटींत तसे होत नाही. तिथे स्क्रू काढला की सीटी उघडी पडते. चालू करंटवर टॅप बदलणे भागच असेल तर आधी जादा स्क्रू नव्या टॅपवर घट्ट बसवायचा आणि मगच जुना काढायचा. काम झाल्यावर जादा स्क्रू तिथेच राहिला तर सेटिंग चुकते, म्हणून तो मोजून परत ठेवावा.

आता इंजेक्शन चाचणी, म्हणजे बाहेरून मोजका करंट देऊन रिले पाहणे. ओव्हरकरंटच्या (जादा करंट ओळखणाऱ्या) तबकडीला सेटिंगइतका करंट दिल्यावर कॉन्टॅक्ट मिटता कामा नये आणि सेटिंगच्या १३० टक्क्यांपर्यंत तो पूर्ण मिटला पाहिजे. वेळ किमान तीन ठिकाणी तपासावी: सेटिंगच्या दुप्पट, पाचपट आणि दहापट करंटला. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रासाठी (करंट वाढेल तशी वेळ कमी होते असा वक्र) टाइम मल्टिप्लायर, म्हणजे वेळेचा गुणक, १ असेल तर या वेळा साधारण १०.०३, ४.२८ आणि २.९७ सेकंद येतात, मल्टिप्लायर ०.४ असेल तर ४.०१, १.७१ आणि १.१९. दहापटीला साधारण साडेसात टक्के फरक चालतो, दुपटीला त्याहून सैल मर्यादा असते. करंट देणारा संच मात्र शुद्ध साइन लहरीचा हवा. जास्त करंटला रिलेच्या कॉइलचे लोखंड संपृक्त होते आणि करंटची लहर विद्रूप होते. मग रिले चांगला असूनही वेळ चुकते. जुन्या पद्धतीचा, व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक वापरणाऱ्यांनी कॉइलबरोबर मालिकेत मोठा रोध ठेवावा, म्हणजे लहरीचा आकार कॉइल ठरवत नाही, रोध ठरवतो.

एकच आकडा पाहून 'पास' लिहिण्यापेक्षा तिन्ही आकडे एकत्र वाचले तर दोष कुठे आहे हे झाकण न उघडता कळते. दुपटीला वेळ फार लांबली आणि दहापटीला बरोबर आली, तर घर्षण आहे: खालचे रत्नाचे बेअरिंग खराब, पिव्होट बोथट, किंवा तबकडी चुंबकाला कुठेतरी घासते. कमी करंटला तबकडीवरचा जोर कमी असतो, म्हणून घर्षण तिथेच आधी जाणवते. तिन्ही वेळा सारख्याच प्रमाणात कमी आल्या तर ब्रेक चुंबक दुबळा झाला आहे किंवा जागचा हलला आहे. मिटण्याचा करंट वाढला आणि त्याबरोबर सगळ्या वेळाही लांबल्या, तर कॉइलचे काही वेढे आपसात शॉर्ट झाले असण्याची शंका घ्यावी आणि कॉइलचा रोध शेजारच्या फेजच्या कॉइलशी ताडून पाहावा. मिटण्याचा करंट बदलला, पण वरच्या पटींच्या वेळा जवळपास तशाच राहिल्या, तर संशय स्पायरल स्प्रिंगवर. तिचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत का, ते भिंगातून पाहावे.

साफसफाई करताना हात आवरावा लागतो. रत्नाच्या बेअरिंगला तेल लावू नये. तेल धूळ धरते, वर्षभरात त्याची चिकट पेस्ट होते आणि तबकडी अडते. चुंबकाच्या फटीत लोखंडाचे बारीक कण अडकलेले असतात, सुईच्या टोकाएवढे. तबकडी त्यांना घासून गेली की तिच्यावर अर्धवर्तुळाकार चकाकती रेघ दिसते. ही रेघ दिसली की फट तपासलीच पाहिजे. कण काढायला चिकटपट्टी लावलेली पितळेची किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी फटीतून हलकेच ओढावी. दाबाची हवा मारली तर बाहेरचे कणही आत जाऊन बसतात. कॉन्टॅक्ट चांदीचे असतात आणि त्यांच्यावर काळा थर चढतो. तो बर्निशिंगच्या गुळगुळीत पातीने काढावा. पॉलिश पेपरचे कण चांदीत रुततात आणि कॉन्टॅक्ट वरून चकचकीत, पण विजेच्या दृष्टीने मेलेला होतो. बोटाने स्पर्शही नको. झाकणाचे रबर गॅस्केट कुजले असेल तर बदलावेच, कारण त्यातून सुटणारे गंधकच चांदीला काळे करते. मेगर करताना, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजताना, तबकडीच्या रिलेला आणि वायरिंगला ५०० व्होल्ट चालतात. त्याच वायरिंगवर एखादा इलेक्ट्रॉनिक रिले असेल तर आधी तो वेगळा करावा.

जनरेटरच्या रिलेंची फीडरच्या (वीज पुढे नेणाऱ्या लाइनच्या) रिलेंपेक्षा निराळी अशी काही दुखणी आहेत. साध्या ओव्हरकरंट रिलेने जनरेटर वाचत नाही, हे अजूनही अनेक ठिकाणी माहीत नसते. जनरेटरची करंट अडवणारी आतली सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स दीड ते दोन पर युनिट (यंत्राच्या स्वतःच्या क्षमतेच्या पटीत) असू शकते, म्हणजे टर्मिनलजवळच्या शॉर्ट सर्किटमध्येही काही सेकंदांनी करंट पूर्ण लोडपेक्षा खाली उतरू शकतो. म्हणून तिथे व्होल्टेज रिस्ट्रेंट असलेला रिले असतो: व्होल्टेज पडले की त्याचा मिटण्याचा करंटही खाली येतो, बहुतेक बनावटींत शून्य व्होल्टेजला एक चतुर्थांशापर्यंत. तो व्होल्टेज न देता तपासला तर चाचणी अर्धीच होते. पीटीचा (रिलेला व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज गेला की हाच रिले ऐन लोडवर जनरेटर सोडतो. तसे होऊ नये म्हणून असणारा व्होल्टेज बॅलन्स रिले जोडलेला आहे का आणि फ्यूज काढल्यावर तो हे ट्रिपिंग खरोखर अडवतो का, हे पाहावे.

डिफरन्शियलची, म्हणजे यंत्राच्या दोन्ही टोकांचे करंट ताडून फरक दिसला की तोडण्याची, कल्पना जुनी आणि पक्की. चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी १९०४ साली तिचे पेटंट घेतले. जनरेटरसाठी बहुधा १० टक्के उताराचा (फरक वाहत्या करंटच्या दहा टक्क्यांवर गेला की चालणारा) रिले असतो. टेबलावर तो निर्दोष ठरतो, पण सीटीच्या वायरिंगला कोणी हात लावल्यानंतर लोडवरचा स्पिल करंट (ऑपरेटिंग कॉइलमधला उरलेला फरक) मोजला नसेल तर त्या चाचणीला अर्थ नाही. दुय्यम बाजूला ५ अँपिअर वाहत असताना ऑपरेटिंग कॉइलमध्ये काही मिलिअँपिअरच दिसले पाहिजेत. एखाद्या सीटीची टोके उलटी लागली असतील तर ते इथेच उघड होते.

निगेटिव्ह सिक्वेन्सचे (तीन फेज असंतुलित झाल्या की येणाऱ्या, उलट क्रमाच्या करंटचे) गणित रोटरच्या, म्हणजे यंत्राच्या फिरत्या भागाच्या, उष्णतेचे आहे. असंतुलित करंटामुळे रोटरच्या पृष्ठभागावर दुप्पट वारंवारितेचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या यंत्रात १०० हर्ट्झचा, करंट फिरतो आणि स्लॉट वेजेस (गुंडाळी धरून ठेवणाऱ्या पाचरी) तापतात. पर युनिटमधल्या निगेटिव्ह सिक्वेन्स करंटचा वर्ग गुणिले वेळ, हा गुणाकार यंत्राच्या मर्यादेत राहिला पाहिजे: अप्रत्यक्ष थंड केलेल्या गोल रोटरसाठी ही मर्यादा ३०, सेलिएंट पोलसाठी (बाहेर आलेल्या ध्रुवांच्या रोटरसाठी) ४०, थेट थंड केलेल्या मोठ्या यंत्रांसाठी १० किंवा त्याहून कमी. ३० च्या यंत्राला ०.५ पर युनिट असंतुलन १२० सेकंद चालते, १० च्या यंत्राला फक्त ४०. दोन फेजमधून इंजेक्शन करताना दिलेल्या करंटला १.७३ ने भागले की निगेटिव्ह सिक्वेन्स मिळतो, म्हणजे ५ अँपिअर दिले तर २.८९. हा भागाकार विसरल्यामुळे चांगले रिले 'बाद' ठरवले जातात. सर्वांत खरी परीक्षा मात्र कमी लोडवर, ट्रिप उघडून, टेस्ट ब्लॉकवर दोन फेज अदलाबदल करून होते. तेव्हा संतुलित लोड रिलेला पूर्णपणे निगेटिव्ह सिक्वेन्स दिसतो.

रिव्हर्स पॉवर रिलेवर (जनरेटर उलट वीज घेऊन मोटरसारखा फिरू लागला की तो तोडणाऱ्या रिलेवर) आम्ही मुद्दाम थांबतो, कारण तो सर्वांत नाजूक आहे. मोटर म्हणून फिरवायला वाफेच्या टर्बाइनला क्षमतेच्या ०.५ ते ३ टक्के शक्ती लागते, डिझेल इंजिनला ५ ते २५ टक्के. म्हणजे वाफेच्या यंत्रावर ५ अँपिअरच्या सीटीतून रिलेला २५ मिलिअँपिअर इतका कमी सक्रिय करंट ओळखावा लागू शकतो. त्याच वेळी प्रत्यक्ष काम न करणारा असा ३ अँपिअर रिअ‍ॅक्टिव्ह करंट वाहत असेल आणि सीटी-पीटीच्या कोनात फक्त एक अंशाची चूक असेल, तर ५२ मिलिअँपिअरची खोटी शक्ती दिसते, खरीच्या दुप्पट. चुकीची दिशा असेल तर रिले आंधळा होतो. म्हणून टेबलावरच्या चाचणीनंतर, यंत्र थांबवताना वाफ बंद करून, रिले प्रत्यक्ष मिटतो का, हे वेगवेगळ्या रिअ‍ॅक्टिव्ह लोडवर पाहावे.

स्टेटर अर्थ फॉल्टसाठी (स्थिर गुंडाळीतून करंट जमिनीत जाण्याच्या दोषासाठी) न्यूट्रलवर, म्हणजे गुंडाळ्यांच्या सामाईक टोकावर, ट्रान्सफॉर्मर, त्याच्या दुय्यम बाजूला रोध आणि रोधावर व्होल्टेज रिले, अशी जुनी मांडणी असते. पूर्ण दोषात तिथे ११० व्होल्ट येत असतील आणि रिले ५ व्होल्टवर लावला असेल, तर गुंडाळीचा साधारण ९५ टक्के भाग राखला जातो. न्यूट्रलजवळचे पाच टक्के उघडेच. या रिलेत तिसऱ्या हार्मोनिकला (तिप्पट वारंवारितेच्या लहरीला) अडवणारे कॅपॅसिटरचे फिल्टर असते. कॅपॅसिटर म्हातारा झाला की फिल्टर सरकते, म्हणून ५० हर्ट्झबरोबरच १५० हर्ट्झ देऊनही तपासावे. आणि एक फुकटची रोजची चाचणी आहे: चालू यंत्रात त्या रोधावर थोडे तिसऱ्या हार्मोनिकचे व्होल्टेज असतेच. लोड असताना तिथे नेहमीचे व्होल्टेज जाऊन अगदी शून्य दिसले, तर न्यूट्रलचे सर्किट कुठेतरी तुटले किंवा शॉर्ट झाले आहे, आणि टेबलावर कितीही चांगला ठरलेला रिले तिथे निरुपयोगी आहे.

रोटर अर्थ फॉल्टमध्ये शाफ्टचा अर्थिंग ब्रश झिजला किंवा तेलकट झाला की रिलेला दोष दिसत नाही. ब्रश दर आठवड्याला पाहावा, टेस्ट बटण दर पाळीत दाबावे.

१९७०-८० च्या दशकांतले ट्रान्झिस्टरचे 'स्टॅटिक' रिले ही वेगळी जात आहे. तबकडीपेक्षा ते नवे, पण आज जास्त धोक्याचे तेच. त्यांच्या पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर दहा-पंधरा वर्षांत सुकतात, सेटिंगचे पोटेन्शिओमीटर आणि थंबव्हील गंजतात. ऑसिलोस्कोपवर अंतर्गत डीसीची लहर पाहावी, थंबव्हील प्रत्येक आकड्यावरून फिरवून परत जागी आणावी, कॅपॅसिटर बदलावेत. पैसे मर्यादित असतील तर डिजिटलने आधी हे बदलावेत, तबकडी नंतर.

रिले मिटला म्हणजे जनरेटर सुटला असे नाही. त्यापुढे लॉकआउट रिले (एकदा सुटला की परत लावेपर्यंत यंत्र चालू होऊ न देणारा), डीसी फ्यूज, बॅटरी, ट्रिप कॉइल, ब्रेकर आणि फील्ड ब्रेकर (रोटरचा करंट तोडणारा) अशी साखळी आहे. लॉकआउट रिलेतले ग्रीस वर्षानुवर्षे न हलल्याने लाखेसारखे होते. हँडल हाताने फिरते, पण कॉइलच्या जोराने सुटत नाही. म्हणून प्रत्येक थांबवणीत तो रिलेच्या कॉन्टॅक्टमधूनच सोडून पाहावा आणि त्याचा प्रत्येक डेक (कॉन्टॅक्टचा थर) पुढचे काम करतो का, ते एकेक करून तपासावे. ११० व्होल्टच्या डीसीवर ट्रिप कॉइल ७७ व्होल्टला चाललीच पाहिजे. ब्रेकरचा सहायक कॉन्टॅक्ट वेळेत उघडला नाही तर ट्रिप कॉइलचा करंट रिलेच्या कॉन्टॅक्टलाच तोडावा लागतो आणि तो जळतो. जळका कॉन्टॅक्ट दिसला की रिले बदलून थांबू नये, ब्रेकरकडे जावे.

डिजिटल रिले बसवाच. विशेषतः जुन्या पॅनेलमध्ये नसलेली कामे त्याला द्या. कमी वेगावर एक्साइटेशन (रोटरला चुंबक करणारा करंट) दिल्याने होणारे ओव्हरफ्लक्सिंग, उभ्या यंत्रावर चुकून ब्रेकर लागणे, स्टेटरचे उरलेले पाच टक्के, आउट ऑफ स्टेप (जाळ्याशी यंत्राचा ताल सुटणे), यांपैकी बरेच काही जुन्या पॅनेलवर नसते. पण नवा आणि जुना रिले एकाच सीटी कोअरवर, एकाच डीसी फ्यूजवर आणि एकाच ट्रिप कॉइलवर असतील तर दोन रिले असूनही संरक्षण एकच.

काढलेले तबकडीचे रिले फेकू नयेत. तबकडीखाली कागदाची पट्टी सरकवून ती हलणार नाही अशी करावी, झाकण लावून कोरड्या जागी ठेवावेत. प्रत्येकावर चिठ्ठी हवी: बनावटीचा पूर्ण क्रमांक, वक्राचा प्रकार, १ की ५ अँपिअर, ५० की ६० हर्ट्झ, शेवटच्या चाचणीची तारीख आणि तेव्हाचे तीन वेळांचे आकडे. दिसायला सारखा, पण ६० हर्ट्झसाठी जुळवलेला सुटा रिले ५० हर्ट्झवर बसवला की वेळा चुकतात, आणि झाकणाबाहेरून ते कोणालाच कळत नाही.

आपले,
विद्युत संरक्षणाच्या चाचणीत काम केलेले काही अभियंते